खड्डे बुजवण्याचे तयार थंड मिश्रण: वापरानंतरचे मत

आमच्या गृहसंस्थेच्या अंतर्गत रस्त्यासाठी पोत्यात मिळणारे तयार थंड डांबर मिश्रण भर पावसाळ्यात वापरले आणि ते समाधानकारक ठरले. मात्र खड्ड्याच्या कडा उभ्या कापून, आतले पाणी, माती व सुटी खडी काढून, मिश्रण थराथराने भरून धुम्मसाने नीट ठोकले, तरच ते टिकते; नुसते ओतल्यास पैसे वाया जातात. फाटकाजवळ पन्हाळीचे पाणी साचते, तिथे कडेची खडी सुटू लागली आहे, पण तो दोष निचऱ्याचा आहे. मगरीच्या कातडीसारख्या जाळीदार भेगा पडलेल्या भागात बहुधा खालचा पायाच कमकुवत झालेला असतो, त्यामुळे तिथे हे मिश्रण मुळीच वापरू नये. किंमत गरम डांबर मिश्रणापेक्षा (हॉटमिक्स) जास्त पडते. तरीही मोजक्या खड्ड्यांसाठी हॉटमिक्सची गाडी मागवणे परवडत नाही.