समुद्रात माणूस बेपत्ता झालं की भामटे आधी तुमचं पत्रक वाचतात

ज्यांच्या घरचं माणूस समुद्रात बेपत्ता आहे, त्यांनी शोधपत्रक फिरवू नये असं मी म्हणणार नाही. दुसरं हातात असतं तरी काय? पण त्या पत्रकात काय लिहायचं नाही, तेवढं ऐकून घ्या.

17 मे 2021. तौक्ते वादळात मुंबईपासून साधारण 70 किलोमीटरवर, तेलविहिरींच्या पट्ट्यात, पी-305 हा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि संध्याकाळी बुडाला. अशा बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. समुद्रात काम करणाऱ्यांनी राहायचं, जेवायचं, झोपायचं ते ठिकाण. त्यावर 261 माणसं होती. वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, स्वयंपाकी. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, केरळकडची, आणि आपल्याकडचीही पोरं. माझा मेहुणा त्यातलाच एक फिटर, लातूर जिल्ह्यातला. गावात पाऊस नाही म्हणून समुद्रावर गेलेला, असं सासरे नंतर कुणालाही सांगायचे.

19 तारखेला नौदलाची आयएनएस कोची वाचलेल्यांना घेऊन मुंबईला लागली. त्यात तो नव्हता. दवाखान्यांच्या यादीत नाही, कंत्राटदाराच्या यादीत ‘बेपत्ता’. मग रायगडच्या किनाऱ्यावर, वर गुजरातेत वलसाडपर्यंत मृतदेह लागायला लागले. ही बातमी सगळ्यांनी वाचली. भामट्यांनीही.

घरातल्या पोरांनी रात्रीत पत्रक केलं. फोटो, पूर्ण नाव, गाव, वडिलांचं नाव, काम, ‘उजव्या मनगटावर त्रिशूळ गोंदलेला’, खाली दोन मोबाइल नंबर. सकाळपर्यंत ते कुठल्या कुठल्या ग्रुपवर जाऊन आलं. दुपारी सासऱ्यांना हिंदीत फोन: ‘आपका लड़का ज़िंदा है.’ मच्छीमारांच्या बोटीनं उचललं, वलसाडजवळ एका दवाखान्यात आहे, शुद्ध नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, फिटर आहे म्हणाला, मनगटावर त्रिशूळ आहे म्हणाला. चार दिवस ज्या बापानं धड अन्न घेतलं नाही, तो यावर काय शंका काढणार?

त्या वेळी कोविडची दुसरी लाट होती, हे विसरू नका. ‘कोविड वॉर्डात ठेवलंय, नातेवाइकांना आत सोडत नाहीत,’ हे वाक्य तेव्हा देशातल्या कुठल्याही दवाखान्याचं खरंच होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, ऑक्सिजनचा मास्क लावलेला, डोक्याला पट्टी, चेहऱ्याचा दिसत होता फक्त कपाळाचा तुकडा. तो कुणाचाही असू शकला असता. कोविडवरचं रेमडेसिविर इंजेक्शन मिळत नाही, ब्लॅकनं आणावं लागेल, 18,000 लगेच टाका. रेमडेसिविरचा काळाबाजार तेव्हा रोजच्या बातम्यांत होता, त्यामुळे मागणीही खोटी वाटेना. पैसे गेले. संध्याकाळी परत फोन, आता व्हेंटिलेटर, 40,000.

हे दुसरे पैसे वाचले ते सासूबाईंमुळे. फोन स्पीकरवर होता. तो माणूस पुन्हा ‘दाहिने हाथ पे त्रिशूल’ म्हणाला, आणि त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ‘डाव्या हातावर आहे. जत्रेतून गोंदवून आला तेव्हा त्याच हाताला धरून मी त्याला बडवलं होतं.’ पत्रक करणाऱ्या पोरानं सेल्फी बघून लिहिलं होतं, आणि सेल्फीत डावं उजवं उलटं दिसतं. म्हणजे त्या माणसानं आमच्या मेहुण्याला पाहिलंच नव्हतं, फक्त आमचं पत्रक वाचलं होतं. ‘दुसऱ्या हातावर काय आहे ते सांगा’ म्हटल्यावर फोन कट, नंबर बंद.

तेव्हा पत्रकातून अंगावरची एक खूण मुद्दाम वगळा. घरात ठेवा. पोलिसांना सांगा, बाकी कुणाला नाही. जो कोणी ‘सापडला’ म्हणेल, त्याला तीच विचारा. नंबर घरच्यांचा देऊ नका, नवं सिम घ्या आणि ते घरातल्या सगळ्यात खमक्या माणसाकडे द्या, आईबापाकडे नाही. आणि ज्या दवाखान्याचं नाव सांगतील, त्याचा नंबर त्यांच्याकडून न घेता स्वतः शोधून फोन लावा. तालुक्याच्या पोलिसांना विचारलं तरी चालतं. समुद्रातून काढलेल्या माणसाची पोलिसांकडे नोंद होते, तो गुपचूप कुठल्या वॉर्डात पडून राहत नाही.

दुसरा भामटा भेटला तो मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयाच्या शवागाराबाहेर. पाण्यात राहिलेले मृतदेह चेहऱ्यानं ओळखू येत नव्हते. कुणी कपड्यांवरून ओळखत होतं, कुणी गोंदणावरून. बाकीच्यांसाठी डीएनए. बिहारहून आलेले बाप तिथे फुटपाथवर बसलेले, आणि त्यांच्यातून हा गृहस्थ फिरत होता. ‘कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये ओळख आहे, डीएनएचा रिपोर्ट आधी काढून देतो.’ हे नमुने पोलीस घेतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. आई, बाप किंवा मुलाचं रक्त द्या, भावाच्या नमुन्यावरून जुळणी कच्ची राहते. आमच्याकडे सासूबाईंच्या रक्तावरून जुळलं.

तिसरा गावात घरी आला. नुकसानभरपाईचे आकडे पेपरात आल्याबरोबर आला, कोऱ्या स्टँप पेपरवर सही मागत. त्याला सासऱ्यांनी चहा पाजून परत पाठवला, त्यांचा स्वभाव. कामावर मृत्यू झाला तर तेव्हाच्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 प्रमाणे रक्कम आयुक्तांकडे जमा व्हायची आणि वारसांना तिथून मिळायची. दावा दोन वर्षांच्या आत लागायचा. मृतदेह मिळालाच नाही, तर सात वर्षं खबर नसल्यावर मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद साक्ष कायद्यात आहे. पण अपघातातून बुडाल्याचे पुरावे असतील तर सात वर्षं थांबलंच पाहिजे असं नाही, चांगल्या वकिलाला विचारा. वकिलाची फी वेगळी आणि कोऱ्या कागदावरची सही वेगळी.

हा धंदा आपल्याकडचाच आहे असं नाही. जून 2023 मध्ये ग्रीसच्या पायलोसजवळ माणसांनी खच्चून भरलेली एक मासेमारी नौका बुडाली. वर सुमारे 750 जण असावेत असा अंदाज आहे. वाचले 104, मृतदेह मिळाले 82. पाकिस्तान, इजिप्त, सीरियातल्या घरांतून डीएनएचे नमुने गेले. ज्या दलालांनी पैसे घेऊन पोरांना बोटीत बसवलं, त्यांचे फोन लागेनासे झाले. अशा वेळी रेडक्रॉसची बेपत्ता नातेवाईक शोधण्याची सेवा आहे, आखातात किंवा युरोपात माणूस हरवलं असेल तर भारतातूनही तिथे अर्ज करता येतो, आणि तीही फुकट आहे. तिच्या नावानं कुणी ‘फाइल चार्ज’ मागितला तर तो रेडक्रॉसचा नाही.

आमचे 18,000 परत आले नाहीत. खातं परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं, त्यानं पासबुक आणि सिम थोड्या पैशांत कुणाला तरी दिलेलं. पैसे त्याच तासाला पुढे सरकले होते. आता सायबर हेल्पलाइनचा 1930 नंबर आहे. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर, पोलीस ठाण्याच्या रांगेत उभं राहण्याआधी तो फिरवा. पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते ती एवढ्याच वेळात. व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा मेसेज समोर ठेवा, ते पहिलं तेच विचारतात.