स्टिकरवर ५२ सीसी, आत ४३: ब्रश कटरच्या खरेदीत झालेली फसवणूक

शेतासाठी ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं गवत-झुडपं कापायचं इंजिनाचं मशीन, घेणार असाल तर ४० आणि ४४ हे सिलिंडरच्या व्यासाचे दोन आकडे लक्षात ठेवा. ५२ सीसीच्या मशीनचे पैसे घेऊन ४३ सीसीचं मशीन माझ्या गळ्यात मारलं गेलं, ते या दोन आकड्यांमधल्या चार मिलिमीटरच्या जोरावर. माझे पैसे काही परत मिळालेले नाहीत. पण बाहेरून बघून हा फरक ओळखणं जवळपास अशक्य आहे, आणि उद्या दुसरं कुणी याच सापळ्यात अडकू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझं काम साध्या गवताचं नव्हतं. बांधावर काटेरी झुडपं माजली होती, पाटाच्या कडेला कमरेएवढं गवत, त्यात मधूनमधून अंगठ्याएवढी जाड खोडं. अशा ठिकाणी हिरवळ छाटायचं छोटं ट्रिमर उपयोगाचं नाही. त्याचा दांडा वाकडा असतो, आत भरीव शाफ्टऐवजी पिळाची वायर असते आणि त्याला पोलादी पातं लावायचं नसतं. शेताला सरळ दांड्याचं, दोन्ही हातांनी धरायच्या रुंद हँडलचं, खांद्यावर पट्टा असलेलं आणि ४० सीसीच्या वरचं मशीन लागतं. मी तेच मागितलं. विक्रेत्याने ५२ सीसीचं टू-स्ट्रोक दाखवलं.

प्रात्यक्षिक उत्तम झालं. दोरी ओढल्याबरोबर मशीन सुरू, पात्याने झुडपाची बुंधी सपासप कापली गेली. मला मात्र दिलं गेलं खोक्यातलं सीलबंद मशीन. रंग तोच, टाकी तीच, हँडल तेच, स्टिकरही तोच. नवीन वस्तू सीलबंद मिळावी असंच कुणालाही वाटतं, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

मऊ गवतात नायलॉन दोरीने ते बरं चाललं. खरा प्रकार झुडपांत पातं घातल्यावर कळला. खोडाला टेकलं की इंजिनाचा आवाज बसायचा, पातं जागीच थांबायचं आणि जळका वास यायचा. हा वास क्लचचा. ब्रश कटरचा क्लच फेऱ्यांच्या वेगावर पकडतो. इंजिन मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की क्लचचे शू बाहेर फाकून ड्रमला चिकटतात आणि शाफ्ट फिरू लागतो. ओझ्याखाली इंजिनाचा वेग त्या आसपास घसरला की शू घसटत राहतात, तापतात, झिजतात. म्हणजे इंजिनात दम नसेल तर पहिला बळी क्लचचा जातो.

विक्रेत्याला फोन केला. "साहेब, नवीन मशीन आहे, जरा रनिंग होऊ द्या." पुढच्या वेळी, "पातं बोथट असणार." त्यानंतर कायमचं उत्तर ठरलं, "तुम्ही तेल कमी घातलं." हे उत्तर टू-स्ट्रोक घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतं, म्हणून त्याबद्दल नीट सांगतो. या मशीनच्या पुस्तिकेत पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण २५ ला १ होतं, म्हणजे लिटरमागे ४० मिली टू-टी तेल. ५० ला १ असेल तर २० मिली. मी खुणांच्या मापाने ४० मिलीच घालत होतो. तेल कमी पडून इंजिन जाम झालं असेल तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे उठतात. सायलेन्सर काढला की धूर बाहेर पडायच्या खिडकीतून पिस्टनचा तो भाग डोळ्यांनी दिसतो. माझा पिस्टन गुळगुळीत होता. तेलाचा ठपका तुमच्यावर आला तर सायलेन्सर काढून त्याच्यासमोर ती खिडकी दाखवा.

थोड्याच काळात मशीन सुरू व्हायलाच त्रास देऊ लागलं. मिस्त्रीने तपासलं तर रिंगा झिजून कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमधला दाबच, उरलं नव्हतं. स्टिकर बघून त्याने ५२ सीसीचा पिस्टन आणि रिंगांचा सेट मागवला. सेट आला, बसवायला घेतला आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडावरच अडला. तिरका असेल म्हणून त्याने फिरवून पाहिला, रिंगा काढून पाहिला. मग जुना पिस्टन फडक्याने पुसून व्हर्नियर या बारीक माप घ्यायच्या साधनात धरला. चाळिसाला अगदी थोडा कमी. नवा धरला, चव्वेचाळिसाला थोडा कमी. "भाऊ, हे ५२ नाहीच. तुम्हाला ४३ दिलंय," तो म्हणाला. त्याने क्रँककेसवरचा, म्हणजे सिलिंडरखालच्या इंजिनाच्या कवचावरचा, चकचकीत स्टिकर नखाने उचकटला, खालचं ग्रीस रॉकेलने धुतलं, आणि धातूवर ठोकलेली अक्षरं वर आली: १ई४०एफ-५.

ही अक्षरं वाचायला शिका, कारण बाजारातल्या अशा बहुतेक स्वस्त टू-स्ट्रोक मशीनवर याच धाटणीचा कोड असतो. चिनी इंजिनांच्या नामकरणाची ही पद्धत आहे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४० म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारं. ५२ सीसीच्या भावंडावर १ई४४एफ असं असतं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३४ मिलिमीटरच. व्यासाचा वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा, मग ३४ ने गुणा आणि हजाराने भागा. व्यास ४० धरला तर उत्तर ४२.७ सीसी, ४४ धरला तर ५१.७. फक्त चार मिलिमीटरमध्ये नऊ सीसी उडाले. स्ट्रोक सारखाच असल्यामुळे बाहेरचं शरीर एकसारखं बनतं, टाकी, स्टार्टर, कव्हर सगळं इकडचं तिकडे बसतं, आणि फसवणाऱ्याला स्टिकर बदलण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही. प्लगच्या भोकातून काडी घालून पिस्टनची धाव मोजली तरी चोरी पकडली जाणार नाही. पकडली जाते ती ठोकलेल्या कोडवरून किंवा उघडून व्यास मोजल्यावर.

४३ सीसी वाईट असं मी म्हणत नाही. चांगल्या बनावटीचं ४० सीसीचं मशीन शेतातलं बरंच काम निभावतं, आणि प्रमाणाबाहेर फुगवलेल्या आकड्यांच्या मशीनपेक्षा ते शंभर पटीने बरं. माझा राग खोटं सांगून विकण्यावर आहे, कारण त्या खोट्या आकड्यावर विसंबून माणूस मोठं पातं लावतो, जाड खोडाला भिडतो आणि मशीनबरोबर स्वतःलाही धोक्यात घालतो.

खोक्यावर आणखी एक आकडा होता: ६.५ एचपी. पन्नासेक सीसीचं साधं टू-स्ट्रोक इंजिन दोन एचपीच्या आसपास ताकद देतं. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट, म्हणजे साडेसहा एचपीचे जवळजवळ पाच किलोवॉट झाले. एवढ्याशा इंजिनात ते शक्यच नाही. १ई४०एफ जातीचं इंजिन साधारण सव्वा किलोवॉट देतं. म्हणून एचपी सोडा, किलोवॉट विचारा, आणि किती फेऱ्यांना ते विचारा. ब्रश कटरच्या इंजिनाची ताकद मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८८९३. जबाबदार कंपनी आपल्या पुस्तिकेत किलोवॉट आणि फेऱ्या दोन्ही छापते. जिथे फक्त फुगलेला एचपी आहे आणि किलोवॉटचा पत्ता नाही, तिथून मागे फिरा.

इंजिन उघडं पडल्यावर बाकीचंही तपासून घेतलं. दांड्याची नळी २८ मिलिमीटरची सांगितली होती, निघाली २६ ची. हे तपासायला व्हर्नियरही नको. कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. ८८ मिलिमीटर भरली तर नळी २८ ची, ८२ भरली तर २६ ची. दुकानात उभ्या उभ्या होणारी तपासणी आहे ही. पात्याकडचं गिअर हेड नळीला स्क्रूंनी आवळलेलं असतं. ते सोडवून ओढलं की आतला शाफ्ट दिसतो. तो भरीव पोलादी आणि टोकाला दाते पाडलेला असला पाहिजे. माझा भरीव होता, तेवढं एक खरं निघालं. पण गिअर हेडच्या बाजूचा बोल्ट काढला तर आत ग्रीस नावालाच. कोरडे गिअर काही तासांत ओरडायला लागतात. नवं मशीन सुरू करण्याआधी तो बोल्ट काढून बघाच.

आता भेट म्हणून मिळालेल्या वस्तूबद्दल. खोक्यात साखळीच्या कड्या लटकवलेलं एक हेड होतं, "झुडपांसाठी खास" म्हणून. ते मी लावलं नाही आणि तुम्हीही कुणी सांगितलं तरी लावू नका. एकमेकांना जोडलेल्या धातूच्या भागांचं असं हेड फिरताना त्याची कडी तुटली तर ती गोळीसारखी सुटते आणि कुठलाही गार्ड तिला अडवत नाही. एका जीवघेण्या अपघातानंतर युरोपीय संघाने २०१२ साली हातात धरायच्या ब्रश कटरसाठी अशी हेड बाजारात आणायलाच बंदी घातली. जो विक्रेता ही वस्तू फुकट देतो त्याला तुमच्या जिवाची फिकीर नाही, एवढं त्यावरूनच ओळखावं.

पात्यावरही मला कमाल फेऱ्यांचा आकडा कुठे सापडला नाही. चांगल्या पात्यावर तो कोरलेला असतो, आणि तो मशीनच्या पात्याकडच्या कमाल फेऱ्यांपेक्षा जास्त असला पाहिजे. गार्डही नायलॉन दोरीसाठीचा एकच दिला होता. पुस्तिकेत पात्यासाठी वेगळा गार्ड दिला असेल तर तो खोक्यात आहे का ते बघून घ्या. पट्ट्याला एका झटक्यात सुटणारी कडी हवी, ती माझ्या पट्ट्याला नव्हती.

विक्रेत्याकडे मशीन घेऊन गेलो तेव्हा मी एवढंच म्हणालो की नवा पिस्टन बसत नाही. त्याने माप विचारलं नाही, मशीनकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "मग ४० चा मागवा, बसेल." आत काय आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी बिल पुढे केलं, तर म्हणतो, "यावर ५२ कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. बिलावर होतं "ब्रश कटर, १ नग". वॉरंटी कार्डावर इंजिन नंबरचा रकाना कोरा. स्टिकर कंपनीने लावला, आम्ही फक्त विकतो, असं म्हणून त्याने हात झटकले. कंपनी म्हणून जे नाव छापलं होतं त्याचा पत्ता पुस्तिकेत कुठेच नव्हता.

म्हणून बिल करताना ठोकलेला कोड, इंजिन नंबर आणि सीसी ही तिन्ही बिलावर लिहून घ्या. जो खरं विकतो त्याला हे लिहायला काहीच अडचण नसते. कोडवर स्टिकर असेल तर पैसे देण्याआधी तो काढायला सांगा. प्रात्यक्षिक द्यायचं असेल तर जे मशीन घरी न्यायचं त्याचंच, आणि सुरू करण्याआधी सिलिंडरच्या कव्हरवर हाताची पाठ ठेवून ते थंड आहे ना बघा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन एका ओढीत सुरू होतं, त्यावरून थंड इंजिनाचा स्वभाव कळत नाही. मऊ गवत कापून दाखवलं तर त्याला किंमत देऊ नका. तुमच्या बांधावर असतं तसं खोड दाखवा आणि पातं त्यात अडकतं का ते पाहा. सुटे भाग कोणत्या नंबरने मिळतात हेही तिथेच विचारा, आणि तो पिस्टनचा नंबर कोडशी जुळतो का ते ताडून पाहा.

ज्यांच्याकडे असं मशीन आधीच येऊन पडलं आहे त्यांनी ५२ चे सुटे भाग मागवू नयेत, पैसे पुन्हा वाया जातील. ४० चा पिस्टन सेट घ्या. ३०५ मिलिमीटरचं मोठं पातं काढून २५५ चं लावा, जाड खोडं कुऱ्हाडीने किंवा करवतीने तोडा आणि मशीनला गवत नि कोवळी झुडपं एवढंच काम द्या, म्हणजे क्लच टिकेल. तक्रार करायची असेल तर इंजिन उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. स्टिकर अर्धा उचकटलेला, त्यावरचा ५२ आणि खालचा ठोकलेला ४० एकाच फोटोत स्पष्ट दिसले पाहिजेत. माझ्या मिस्त्रीने स्टिकर पूर्ण काढून टाकला होता, आणि "हा स्टिकर या मशीनचाच कशावरून?" हा विक्रेत्याचा शेवटचा प्रश्न होता.