कास्कारोनेस: बाजारातलं तयार डझन

लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरपूर्वीच्या, उपवासांआधी, कार्निवलच्या जल्लोषात, मेक्सिकोतली पोरं कागदी टिकल्या भरलेली अंड्याची टरफलं एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. तीच ही कास्कारोनेस. या डझनाचे रंग झकास, भरणी मात्र फसलेली. टरफल तोंडापर्यंत ठासलंय, त्यामुळे टिकल्या उधळत नाहीत, गठ्ठाच पडतो. अर्ध्याच्या आत भरलेलं बरं. टिकल्या भरायला पाडलेल्या भोकावर चिकटवलेला कागद पतंगाच्या कागदासारखा पातळ हवा. इथे डिंक इतका थापलाय की वाळून टणक चकती झालीय, ती डोक्याला लागते. घेताना कानाशी हलवा: सळसळ आली तर माल कोरडा. वास आला तर टरफल नीट धुतलेलं नाही, परत ठेवा. आणि फेकून मारू नका, डोळ्यांत कपच्या जातात. डोक्यावर धरून मुठीत चुरडायचं.