कुडाळातलं कलाकेंद्र, दोन मुलं आणि एक शैक्षणिक वर्ष

जूनमध्ये आमच्या भागातल्या एका सामाजिक केंद्रात दोन्ही मुलांची नावं घातली, तेव्हा ओळखीच्या आयांचा पहिला प्रश्न होता, "फी किती?" त्याचं उत्तर सोपं आहे. एका वर्गाला महिन्याला 300 रुपये, त्याच मुलाने दुसरा वर्ग घेतला तर त्याचे 200, आणि भावंडांना थोडी सूट. मुलं तिथे नेमकं काय शिकतात हे मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवते.

केंद्राचं नाव देत नाही. चालवणारी सगळी माणसं इथलीच, बाजारात रोज समोर येणारी. शिवाय यातलं बरंचसं सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावच्या अशा केंद्राला कमीअधिक लागू पडेल.

जागा म्हणजे समाजमंदिराचा हॉल, मागे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. वेळ सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 5 ते 7.30. हॉलमध्ये चित्रकला, पडवीत पखवाज आणि मागच्या खोलीत इंग्रजी संभाषण एकाच वेळी चालतं. त्यामुळे 'व्हॉट इज युवर नेम'ला 'ता दिं थुं ना'ची साथ असते. पावसाळ्यात पत्रा वाजायला लागला की तेही ऐकू येत नाही आणि लाईट गेली की सगळे एकाच इन्व्हर्टरच्या बल्बखाली येतात. माझी मुलगी सहावीत आहे, मुलगा तिसरीत.

सगळ्यात जास्त मुलं चित्रकलेला आहेत आणि माझी सगळ्यात मोठी तक्रारही तिथलीच. सरांचा हात चांगला आहे. रंगात पाणी किती घ्यायचं, सावली कुठल्या बाजूला पडते, हे ते मुलाच्या शेजारी मांडी घालून दाखवतात. पण जुलै उजाडला की सगळा वर्ग एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मागे लागतो. कला संचालनालयाच्या या परीक्षांचं वजन पालकांना माहीत आहे: इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण जास्तीचे, बीला 5, सीला 3. आठवी-नववीच्या मुलांचे आईबाप त्यासाठीच फी भरतात, सर तरी काय करणार! पण मग स्मरणचित्रासाठी ठरलेले चारपाच विषय घोटून घेतले जातात. बाजाराचं दृश्य आलं की छत्रीवाली बाई सगळ्यांच्या कागदावर तीच, तिच्या साडीचा काठही तोच. ही पोरं दर आठवड्याला बाजारातून आईबरोबर पिशव्या उचलून आणतात. तिथली सुक्या मासळीवाली, शहाळ्यांचा टेम्पो, काजूगरांचे वाटे लावून बसलेल्या म्हाताऱ्या, यातलं एकही माणूस चित्रात येत नाही.

या काळात लहान मुलांकडे बघायला कोणाला सवड नसते. त्यांच्या हातात छापील चित्रं देतात आणि आतून रंगवा म्हणतात. धाकट्याला मी तिथून काढून पखवाजाला बसवलं. मुलगी मात्र टिकली आणि परीक्षा आटोपल्यावर त्याच सरांचा वेगळाच अवतार बघायला मिळाला. दर शनिवारी मुलांना घेऊन ते भंगसाळीच्या काठावर जायला लागले. विषय दिलेला नाही, खोडरबर आणायचा नाही. मुलीने तिथे काढलेला पूल वाकडा आहे, पण त्याच्या खांबाला पुरात अडकलेला पालापाचोळा लोंबतोय. तो तिला कोणी काढून दाखवला नव्हता. चित्रकलेसाठी नाव घालायचं असेल आणि मूल परीक्षेच्या वयाचं नसेल, तर नोव्हेंबरमध्ये घाला.

आता पखवाज. केंद्रातला सगळ्यात लवकर भरणारा वर्ग हाच आणि त्याचं कारण सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको. इथे चवथीत, म्हणजे गणपतीत, घरोघर भजन असतं, वर्षभर डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, रंगतात आणि दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना उत्तरं द्यायला लागले की मांडवात जितकं लक्ष बुवांकडे तितकंच पखवाजवाल्याच्या हाताकडे असतं. म्हणजे शिकायला येणाऱ्या पोराने हे वाद्य आधीच डोळे भरून पाहिलेलं असतं. शिकवणारे बुवा स्वतः भजनाच्या बाऱ्यांना साथ करतात. कधी बारी दूर असली तर त्या दिवशी वर्ग बुडतो, आधी निरोपही येत नाही. ही गैरसोय आहेच. तरी मी ती सहन करते, कारण दुसऱ्या दिवशी बुवा येतात तेव्हा रात्रीच्या गजरात कुठे गाडी घसरली आणि कशी सावरली हे पोरांना वाजवून दाखवतात.

पहिले कित्येक आठवडे धाकट्याने पखवाजाला हातच लावला नाही. बुवांचा नियम, "हात मागसून, आधी तोंडान बोल." मांडीवर टाळी देत सगळे मिळून ता दिं थुं ना म्हणायचे, मग चौतालाच्या बारा मात्रा. काही पालक वैतागले. पैसे भरून मूल नुसतं बडबडतंय, असं एकीने मला पडवीच्या पायरीवर ऐकवलंही. नंतर कामं वाटून दिली. वर्गाआधी कणीक मळून आणायची पाळी दर आठवड्याला एका मुलाकडे. पखवाजाच्या डाव्या बाजूला ती थापायची, किती थापली की आवाज हवा तसा खाली जातो हे कानाने ठरवायचं, आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. धाकटा आता घरी माझ्या पोळ्यांच्या कणकेला बोट लावून "आये, ही सैल झाली" म्हणतो. चवथीला वाडीतल्या भजनात त्याला झांज मिळाली, पखवाज नाही मिळाला. तो रुसला. बुवांना सांगितलं तर ते म्हणाले, "झांजेत चुकणा नाय तो पखवाजात चुकणा नाय," आणि विषय संपला. उसळपाव मात्र त्याने मोठ्यांच्या बरोबरीने हाणला.

परीक्षेचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकला बसवायचं का, असा विषय पालकसभेत निघाला होता. बुवांनी ज्याला बसायचंय त्याची तयारी वेगळी करून घेतो, पण वर्ग त्यासाठी थांबणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. हे मला फार आवडलं.

वर्षातलं सगळ्यात चांगलं काय झालं, तर दिवाळीनंतरचं चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेचं शिबिर. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी माझ्या मुलीने तोवर चित्रकथी फक्त पुस्तकातल्या एका ओळीत वाचली होती. तिथल्या ठाकर समाजातले कलाकार केंद्रात आले. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही, नुसती कथा लावली. चित्रं दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. हुडुक (डमरूसारखं वाद्य), वीणा आणि टाळ यांच्या साथीने गात, बोलत, रामायणातला प्रसंग सांगता सांगता एकेक चित्र पुढे यायचं आणि उलटायचं. हॉलमध्ये लहान-मोठी मिळून बरीच पोरं होती, पण कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही. मोबाईलवर तासन्तास रील बघणारी हीच पोरं, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवसापासून मुलांनी आपली पोथी केली. बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, भरगच्च दागिने, हे नमुने समोर होतेच. पण कथा मुलांनी निवडायची होती आणि काढलेलं प्रत्येक चित्र हातात धरून सांगून दाखवायचं होतं. इथे मजा आली. सुंदर चित्र काढणारी दोन मुलं सांगताना अडखळली, आणि ज्याचा हनुमान मांजरासारखा दिसत होता त्या पोराने सगळ्यांना हसवून लोळवलं. कलाकारांनी त्याला सांगितलं की चित्रात जे राहिलंय ते तोंडाने भरायचं असतं. चित्र, गाणं, निवेदन आणि पाठांतर एकत्र लागतं अशी ही कला आहे. शाळेत या चार गोष्टींचे चार तास असतात, तेही झाले तर.

शिबिराच्या शेवटी मुलांना पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण बघायला नेलं. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात उभं केलेलं हे संग्रहालय. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुडाळात सगळ्यांना अभिमान वाटला, पण गावातली किती माणसं तिथे जाऊन आली आहेत कोण जाणे. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, जुन्या पोथ्या, सगळं हाताच्या अंतरावरून दिसतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असं म्हटलंय. आमच्याकडे ते दहा दिवस घालवायला लांब जायची गरजच नाही. केंद्राला एकच विनंती: हे शिबिर वर्षातून एकदा न ठेवता महिन्यातून एक रविवार तरी ठेवा. चित्रकथी आठवड्याभरात कळते, येत नाही.

दशावताराचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा वर्ग जानेवारीत सुरू झाला. आठवड्यातून दोनच संध्याकाळी. इथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठे येणार ते ठरतं आणि बोलायचं मात्र ज्याचं त्याने उभ्या उभ्या. शाळेच्या नाटकात मुलीला दोन वाक्यं पाठ करूनही घाम फुटायचा, म्हणून मला शंका होती. तिने संकासुर, म्हणजे वेद चोरणाऱ्या राक्षसाचं काम मागितलं. पारंपरिक दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करत आले, त्यात सहावीतली पोर संकासुर मागतेय म्हटल्यावर दोनचार भुवया वर गेल्या. शिकवणाऱ्या काकांनी तिला फक्त मालवणीत बोलून दाखवायला सांगितलं. संकासुर मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो, आणि माझी मुलगी आजीबरोबर वाढलेली. शाळेतल्या प्रमाण मराठीत जी तोंड उघडत नाही तिने ब्रह्मदेवाला असं काही झापलं की काका म्हणाले, "हेका कोणी शिकवची गरज नाय." वेद चोरून पळताना तिने ब्रह्मदेवाला आधारकार्ड विचारलं. ते तिचं तिनेच घातलं होतं.

वाचनघर फुकट आहे आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. शनिवारी एक निवृत्त बाई गोष्ट वाचून दाखवतात, अर्ध्यावर थांबतात आणि पुस्तक तिथेच ठेवून चहा प्यायला जातात. मुलं पुढचं आपणच वाचतात. पुस्तकं जुनी आहेत, बरीच वाळवीतून वाचलेली. तिथे पैसे खर्च करायला हवेत.

अबॅकसबद्दल काही लिहावं असं त्यात काही नाही. इंग्रजी संभाषण ठीकठाक.

आता गॅदरिंग. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन असतं आणि त्याच्या आधीचा महिना सगळे वर्ग बंद. चित्रकलेची मुलं बॅकड्रॉप रंगवतात, पखवाजाची मुलं हिंदी गाण्यांवर नाचतात. पोशाखाचं भाडं आणि मेकअप धरून मला दोघांचे मिळून 1,400 रुपये मोजावे लागले, म्हणजे एका महिन्याच्या फीपेक्षा बरेच जास्त. हुडुक वाजवून गोष्ट सांगणारी मुलं ज्या हॉलमध्ये बसली होती, तिथेच डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. मुलांना मजा येते, ते मी नाकारत नाही. पण पालकांना वर्षभराचं काम दाखवायचं असेल तर ती पोथी होती, तो संकासुर होता. दोघांनाही शेवटी पाच मिनिटं मिळाली, सत्कार संपल्यावर, लोक उठायला लागल्यावर. पालकसभेत मी हे बोलले. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं.

शेवटी एक गोष्ट केंद्रवाल्यांनी मनावर घ्यावी. वर्ग 7.30 ला सुटतात आणि लांबच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी त्याआधी जाते. माझं घर जवळ आहे, मला फरक पडत नाही. पण पखवाजात धाकट्याच्या शेजारी बसणारा, त्याच्याहून चांगला हात असलेला पोरगा डिसेंबरनंतर आला नाही, कारण बाबांना रोज दुचाकीवर न्यायला यायला जमेना. त्याच्यासारखे आणखीही आहेत. वर्ग 4.30 ला सुरू केले तर हा प्रश्न तिथल्या तिथे मिटेल. शाळा 5 ला सुटते म्हणून ते शक्य नाही, असं सांगतात. मग निदान लांबच्या मुलांसाठी रविवारी सकाळची बॅच काढा. हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो, मी बघितलाय.

येत्या वर्षी मुलीला दशावतार आणि नोव्हेंबरपासून चित्रकला, धाकट्याला फक्त पखवाज, असं ठरवलंय. फॉर्म मेच्या शेवटच्या आठवड्यात निघतात. पखवाजाच्या जागा दोन दिवसांत भरतात तेव्हा पहिल्याच दिवशी जा, चित्रकलेला नंतरही घेतात. अबॅकसला कधीही.