मार्लिन 39ए : एक पावसाळा आणि एक निवडणूक सरल्यानंतर

शहरातल्या बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडून माझी मार्लिन 39ए ही .22 ची रायफल दुरुस्त न होताच परत आणावी लागली, तेव्हा हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. रायफलीचे दोन भाग जोडणारा, उजव्या अंगाचा, बोटांनी फिरवायचा मोठा स्क्रू गोळ्या झाडताना हळूहळू सैल होतो, एवढीच माझी तक्रार होती. त्या गृहस्थांनी स्क्रूकडे न पाहता संपूर्ण रायफल घासून तिच्यावर गंजाला अडवणारी निळसर-काळी झाक पुन्हा चढवून घ्या असा आग्रह धरला, आणि तेवढे काम मिळणार नसेल तर हात लावणार नाही असे सांगितले. नवी निळाई चढवण्याआधी धातू पॉलिश करावा लागतो, त्यात कडा गोल होतात, कोरीव अक्षरे पुसट होतात. आणि अनुक्रमांक पुसला गेला तर शस्त्र कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. एका स्क्रूसाठी एवढी जोखीम आणि एवढा खर्च मला मान्य नव्हता.

ही रायफल कशी निवडली ते आधी सांगतो. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली आणि ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते त्यांना ते सोडावे लागले. त्यानंतरच्या काळात डीलरांच्या कपाटांत जुन्या परदेशी रायफली दिसू लागल्या. माझ्यासमोर तीन लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचे काडतूस चढवायच्या, रायफली होत्या : .30-30 ची विंचेस्टर 94, .44-40 ची विंचेस्टर 1892 आणि ही .22 ची मार्लिन. पहिल्या दोन्ही जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेच्या, आणि हातात घेतल्यावर खाली ठेवाव्याशा वाटत नाहीत अशा. परंतु आपल्या आयुध निर्माणींची काडतुसे 12 बोअर, .315, .30-06, .22 अशा मोजक्याच मापांत मिळतात; .30-30 चे काडतूस शोधण्यात आयुष्य घालवायचे नसेल तर ती रायफल भिंतीवरची शोभा होते. ज्याला रायफल वापरायची आहे त्याने आधी काडतूस पाहावे आणि मग रायफल पाहावी, या मतावर मी आजही ठाम आहे.

शिकारीसाठी म्हणून कोणी ही घेणार असेल तर त्याने तो विचार सोडावा. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आता आपल्याकडे पारध राहिलेली नाही. भातात किंवा नाचणीत उतरणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्तही वनविभागाच्या लेखी परवानगीनेच करता येतो, आणि त्या कामाला.22 अगदी अपुरी आहे. तिने डुक्कर पडत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर वाडीत शिरले तर माणसाच्या जिवावर बेतते. त्या कामासाठी घरात 12 बोअरची दुनळी आहे. मार्लिन मी रेंजवर कागदी लक्ष्यावर चालवतो आणि उरलेला वेळ ती उघडून, पुसून, समजून घेण्यात घालवतो.

जुनी .22 तपासताना नळीच्या आतल्या आट्यांइतकेच चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीच्या, तोंडाकडे पाहावे. रिमफायर काडतुसाचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे पिन कडेवर आदळते. रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हा पुन्हा ओढला गेला असेल तर पिनेचा घाव चेंबरच्या कडेवर उमटतो आणि काडतूस नीट बसत नाही. माझ्या रायफलीत ती कड स्वच्छ होती. लिव्हर बंद असताना थोडी हलत होती, पण काडतुसामागे बंद होणारा बोल्ट घट्ट बसत होता, म्हणून मी ते चालवून घेतले. नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक बसतात. .30-30 मध्ये मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या मधल्या टोपीवर टेकते, म्हणून तिथे चपट्या तोंडाच्या गोळ्या वापराव्या लागतात; .22 ला मध्यावर टोपीच नसल्याने हा धोका राहत नाही.

आता त्या स्क्रूविषयी. 1891 च्या मॉडेलपासून चालत आलेल्या मार्लिनच्या या घराण्यातल्या 1922 च्या 39 या मॉडेलमध्ये आणि 1939 च्या 39ए मध्येही हा स्क्रू आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घोडा पूर्ण चढवायचा, स्क्रू सोडवायचा, की दस्ता आणि नळी वेगळ्या होतात, बोल्ट हातात येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. घेतली तेव्हा मला ही सोय प्रवासापुरती वाटली होती. आधीच्या मालकाने पकडीने ओरबाडलेला तो स्क्रू पाहून किंमत थोडी कमी करून घेतली आणि विषय संपला असे समजलो.

पावसाळ्यात माझे मत पूर्ण बदलले. आमचे घर खाडीच्या तोंडाशी आहे. जून ते सप्टेंबर कपाटातली कात्रीसुद्धा गंजते. ज्या लिव्हर रायफली अशा सहज उघडत नाहीत त्यांत सफाईचा गज तोंडाकडून घालावा लागतो, त्याने नळीची तोंडाकडची कड झिजते आणि नेम बिघडतो. इथे मी आठवड्याला स्क्रू सोडवून चिंधी मागून पुढे नेत होतो आणि मळ चेंबरमध्ये न साचता तोंडातून बाहेर पडत होता. दमट हवेत रायफल राखायची असेल तर नेमकी हीच गोष्ट हवी आहे. खोबरेल मात्र लावू नये. ते थंडीत थिजते आणि चिकटून बसते. मशीनचे पातळ तेल पुरे.

खरी परीक्षा 2024 च्या विधानसभा निवडणुकीत झाली. आचारसंहितेत शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागली, तीही भातकापणीच्या ऐन दिवसांत, आणि परत मिळाली तेव्हा दुनळीच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके उठलेले होते. शस्त्र सरकारजमा असताना त्याची निगा कोणी राखायची, हे आम्हा बागायतदारांना आजवर कोणी सांगितलेले नाही, याचा मला मनापासून राग आहे. मार्लिनच्या मॅगझिनच्या बाहेरच्या नळीतही गंज होता. पण त्याच संध्याकाळी ती उघडून आतून पुसली, आणि चेंबर व आटे दोन्ही शाबूत निघाले.

बाकी गोष्टी थोडक्यात. काडतूस बाजूने बाहेर पडते आणि वरचा भाग बंद असल्याने दुर्बीण बसवणे सोपे जाते. पालथे पडून नेम धरताना लिव्हर जमिनीला लागते, म्हणून ती बसून किंवा उभ्याने चालवावी. काडतुसाचा खर्च 12 बोअरच्या मानाने किरकोळ आहे, आणि माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

स्क्रू अजून सैल होतोच. मॅगझिन रिकामे झाले की बोटांनी एकदा आवळतो, पक्कड लावत नाही. शस्त्र-दुरुस्तीचा परवाना असलेला दुसरा कारागीर तालुक्यात आहे. केवळ स्क्रूचे आटे साफ करून तो बसवून देईन, बाकी कशाला हात लावणार नाही, असे त्याने सांगितले आहे. काजूचा हंगाम संपला की रायफल त्याच्याकडे नेणार आहे.