ऑटोडेस्क फ्यूजनमधले हलते सांधे: एक अभिप्राय

पूर्वी ‘फ्यूजन ३६०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑटोडेस्क फ्यूजन या त्रिमितीय आरेखनाच्या (कॅड) सॉफ्टवेअरमध्ये रिजिडपासून (अजिबात न हलणारा) बॉलपर्यंत (सर्व दिशांना फिरणारा) जॉइंटचे, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या सांध्यांचे, सात प्रकार मिळतात. दोन भागांमध्ये एकेक पृष्ठभाग आणि अक्ष जुळवत बसण्याऐवजी, त्यांच्यात कोणती हालचाल शिल्लक राहावी एवढेच ठरवायचे, ही मांडणी मला फार पटली.

पारख म्हणून मी २५ मिमी त्रिज्येचा क्रँक (गोल फिरणारा भुजदांडा), १०० मिमी लांबीचा कनेक्टिंग रॉड (क्रँक आणि पिस्टन यांना जोडणारा दांडा) आणि पिस्टन जोडले. पिस्टनला स्लायडर (सरळ रेषेत सरकू देणारा) आणि बाकी ठिकाणी रिव्हॉल्यूट (एका अक्षाभोवती फिरू देणारा) जॉइंट दिल्यावर पिस्टन अपेक्षेप्रमाणे ५० मिमी सरकला. परंतु क्रँक वरच्या टोकापासून ९० अंश फिरला असता पिस्टन मधोमध, म्हणजे २५ मिमीवर नसून सुमारे २८.२ मिमी खाली असतो, ही वर्गात फळ्यावर सहसा न पटणारी गोष्ट इथे मोजून पाहता येते.

जॉइंटला मर्यादा घातल्याशिवाय मात्र भाग एकमेकांतून खुशाल आरपार जातात. ‘कॉन्टॅक्ट सेट’ (भाग एकमेकांना टेकताच अडावेत अशी सोय) लावून ते थांबवता येतात, पण मोठ्या जुळणीत त्याचा संगणकावर भार पडतो, म्हणून तो मोजक्याच भागांना लावावा.

सांध्यांची हालचाल क्रमाने चालवून दाखवणाऱ्या ‘मोशन स्टडी’च्या आलेखात आडव्या अक्षावर सेकंद नसून पायऱ्या असतात, आणि त्यात वस्तुमान किंवा घर्षण धरलेले नसते. त्यामुळे मोटर किती ताकदीची घ्यावी, हे त्यावरून ठरवू नये.