सीझनसाठी घेतलेला बॅकअप राइट कॉर्नर: 15 हजार वसूल झाले का?

आमच्या कबड्डी मंडळाने यंदा दिवाळीनंतर दापोलीकडचा एक पोरगा राइट कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या उजव्या टोकाला, बॅकअप म्हणून घेतला. पूर्ण सीझनचे 15 हजार, शूज नि किट मंडळाचं, गाडीभाडं वेगळं. चिपळूण-खेड पट्ट्यातली बरीच मंडळं असाच प्लेअर शोधतायत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कमिटीत काहींचं म्हणणं होतं की जो बेंचवरच बसणार त्याला एवढे कशाला. मला ते अजिबात पटत नाही. प्रो कबड्डीत बघा, 2025 च्या ऑक्शनला गुजरातच्या टीमने इराणच्या शादलूवर 2 कोटी 23 लाख घातले आणि टीमची प्लेअर घ्यायची अख्खी पर्स 5 कोटीची, मग बाकीची पोरं 9 आणि 13 लाखाच्या बेस प्राइसवालीच जास्त भरावी लागणार ना, आणि सीझन लांबला, कोणाचा गुडघा गेला की मॅटवर तीच उतरतात. गावातही तेच. मेन रेडरला पैसे मोजले की डिफेन्सच्या बॅकअपला हातात उरतं तेवढंच.

"किती मॅच खेळला?" एवढाच हिशोब लावला तर हा सौदा महाग वाटेल, कारण सुरुवातीला तो फारसा उतरलाच नाही. पण संध्याकाळच्या प्रॅक्टिसला आमच्या रेडरांना समोर खरा कॉर्नर मिळाला. आधी तिथे कव्हरचा, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या बाजूचा, कोणीतरी उभा राहायचा आणि रेडर आरामात बोनस लाइनपलीकडे पाय टाकून पॉइंट मारून यायचे, आता पाय टाकताना दहादा विचार करतात.

खरी परीक्षा अलिबागच्या स्पर्धेत झाली. मेन कॉर्नरचा घोटा मुरगळला, हा आत आला, आणि सेकंड हाफला आमचे तीनच जण उरले. समोरच्यांची डू ऑर डाय रेड, म्हणजे पॉइंट नाही आणला तर रेडर बाद. रेडर दोनदा खोटा पाय दाखवून गेला, हा हललाच नाही, गुडघ्यात वाकून नजर त्याच्या पायावर. तिसऱ्यांदा त्याने खरंच टच मारायला पाय लांबवला आणि याने घोटा असा धरला की कव्हरने येऊन डॅश (धडक) देईपर्यंत सुटलाच नाही. तिघांतच पकड म्हणून सुपर टॅकल, दोन पॉइंट, वर लोण (अख्खी टीम बाद होणं) वाचला. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

आता कमी काय ते पण सांगतो. लीड असताना पोरगा उतावळा होतो, ॲडव्हान्स टॅकल मारतो, म्हणजे वेळेआधीच पुढे झडप घालतो, आणि फुकटचा पॉइंट देऊन बाद होतो. बाद झालेल्याच्या जागी बदली देता येत नाही, त्यामुळे तो कोपरा मोकळा पडतो नि बाजूच्या कव्हरवर सगळा भार येतो. चेनमध्ये (हात धरून बचावाला) असताना बोलत पण नाही, कव्हरला कळत नाही हा कधी जाणार ते. हे कोचने रोज बसवून घेतलं तर सुधारेल, वय लहान आहे. लेफ्टला मात्र उभा करू नका, एका मॅचला करून बघितलं तर पावलंच जुळेनात.

सगळ्यात मोठी त्रुटी त्याच्यात नाही, आम्ही त्याच्याशी केलेल्या करारात आहे. दुखापत झाली तर खर्च कोणाचा हे कुठेच लिहिलं नव्हतं. याला मॅटवर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण खांदा निखळला असता तर त्या 15 हजारातले त्याच्या हातात काय राहिले असते? शेजारच्या एका मंडळात अशाच पोराला एक्सरेचे पैसे घरून आणावे लागले, फार वाईट वाटलं ते ऐकून. बॅकअपवाला आहे म्हणून त्याचं हाड स्वस्त नसतं.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पुढच्या सीझनला ठेवावा, निम्मे पैसे आधी द्यावेत, निम्मे स्पर्धेगणिक, बेंचवर बसला तरी, आणि उपचाराचा खर्च मंडळाचा हे कागदावर सही करून. प्लेअरच्या नोंदणीचं मात्र वेळेत बघा, स्पर्धेच्या आदल्या रात्री धावपळ नको.